पूर्णमानचे हात

आण्णा कामावरून आले की आई त्यांच्या तोंडाकडं बघायची नाही, हातांकडं बघायची. काठोकाठ भरलेला तांब्या ती पुढं करायची, म्हणजे तो धरायला दोन्ही हात पुढं यावेत. आण्णा तांब्या घ्यायचे, तिची नजर बोटांवरून एकदा फिरायची, आणि मग कुठं ती श्वास टाकायची. हे इतकं रोजचं होतं की सगळ्याच घरांत असं करतात अशी माझी समजूत होती. लग्न होऊन मी पुनावळ्याला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात नवऱ्याच्या हातात असाच भरलेला तांब्या दिला आणि त्याच्या बोटांकडं बघत उभी राहिले. तो म्हणाला, "काय गं, अंगठी शोधतेस का?" दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसणारा माणूस तो. त्याला काय सांगणार?

आण्णांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं नव्हती. ती पत्रा ठोकायच्या प्रेसमध्ये गेली तेव्हा मी पाळण्यात होते, त्यामुळं मला त्यांचा हात तसाच माहीत. लहान पोरांनी विचारलं तर ते म्हणायचे, "उंदरानं खाल्ली रे." मोठ्या माणसानं विचारलं तर हात खिशात जायचा. त्या अपघाताबद्दल आमच्या घरात एकच वाक्य होतं, आणि ते आण्णाच बोलायचे: "चूक माझीच होती." ते वाक्य आलं की आई काहीतरी काम काढून उठायची.

कासारवाडीत रुळांच्या पलीकडं पाच खोल्यांची एक ओळ होती, त्यातली मधली खोली आमची, आई, आण्णा, मी आणि धाकटा भाऊ. गाडी गेली की मांडणीवरची भांडी किणकिणायची. जागा जिजींची. जिजी जुन्या गावकीतल्या. आमच्या खोल्यांच्या जागी एकेकाळी त्यांचा मेथी-कोथिंबिरीचा मळा होता आणि अजूनही त्या आमच्या दारापुढच्या फरशीला 'खालचा वाफा' म्हणायच्या. आण्णांची शेड नाल्याच्या पलीकडं होती. पत्र्याच्या त्या शेडमध्ये पाच-सहा पॉवर प्रेस होते. मोठ्या गाड्यांना लागणाऱ्या लोखंडी पट्ट्या, कड्या, ब्रॅकेट तिथं ठोकून निघायचे. त्याचा आवाज घरापर्यंत यायचा. धप्प, धप्प, धप्प. नवीन पाहुण्याला तो आवाज सोसायचा नाही. आई मात्र त्या आवाजावर निवांत भाकऱ्या थापायची. आवाज थांबला की तिचा हात परातीत थांबायचा. चहाची सुट्टी, लाइट जाणं, माल संपणं, आवाज थांबायला कारणं पुष्कळ होती आणि आईला ती सगळी पाठ होती. तरी आवाज परत सुरू होईपर्यंत ती भाकरी तव्यावर टाकायची नाही.

अशा ओळीत शेवटच्या खोलीत पूर्णमान राहायला आला. एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि लाकडाची एक रिकामी चौकट, एवढंच सामान. जिजींनी गाव विचारलं, तो म्हणाला, "पाटण." जिजींना वाटलं साताऱ्याकडचं पाटण. त्या खूश होऊन म्हणाल्या, "माझी नणंद दिलीया तिकडं." मग कळलं की हे पाटण नेपाळातलं. तिथं गोळीबार सुरू झाला होता, बाहेरदेशचे पाहुणे यायचे थांबले होते, आणि त्याची चित्रं त्या पाहुण्यांवर चालायची. बायको आणि मुलगी मागं ठेवून तो कुणा ओळखीच्या वॉचमनच्या आधारानं इथवर आला होता. गल्लीत त्याला कुणी नाव विचारलं नाही. सगळे त्याला बहादूर म्हणायला लागले, कारण ते सगळ्याच नेपाळ्यांना बहादूर म्हणत. आण्णांनी मात्र नाव विचारलं. तो म्हणाला, "पूर्णमान." आणि आण्णांना तो दाजू म्हणायला लागला. त्यांच्याकडं थोरल्या भावाला दाजू म्हणतात. मी त्याला पूर्णाकाका म्हणायची.

देवांची चित्रं काढणं हे त्याचं पिढीजात काम. त्या चौकटीवर तो कापड दोऱ्यांनी ताणून बांधायचा, सरस शिजवून त्यात पांढरी माती कालवायचा आणि कापडावर थर द्यायचा. तो वाळला की गुळगुळीत दगडानं घासत बसायचा, इतकं की कापडाला काचेसारखी तकाकी यायची. सरस शिजायला लागला की ओळीतल्या सगळ्या बायका नाकाला पदर लावायच्या. जिजी ओट्यावरून ओरडायच्या, "आरं, कुणी मेलं का काय त्या खोलीत?" मग तो वाटीत त्याच्या गावाकडच्या सुकवलेल्या पाल्याचं आंबट कढण घेऊन जिजींकडं जायचा, माफी मागितल्यासारखा. जिजी तोंड वाकडं करून प्यायच्या आणि वाटीत मासवडीचे दोन तुकडे घालून परत द्यायच्या. आमच्या घरची येसराची आमटी त्याला फार आवडायची. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा डोळ्यांतून, नाकातून पाणी आलं, तरी आईला म्हणाला, "भाउजू, अजून." भाउजू म्हणजे वहिनी.

रेघ काढताना तो श्वास रोखायचा. ब्रशला चार-पाच केस असतील नसतील. खांदा हलायचा नाही, कोपर हलायचं नाही, नुसती बोटं सरकायची आणि त्यांच्यामागं केसाएवढी रेघ उमटत यायची. मी दारात बसून बघायची आणि माझाही श्वास आपोआप अडायचा. तेव्हा तो भैरव काढत होता. निळा चेहरा, बाहेर आलेले सुळे, डोक्यावर कवट्यांची माळ. डोळ्यांच्या जागा मात्र कोऱ्या होत्या. डोळे सगळ्यांत शेवटी, चांगला दिवस बघून काढायचे असतात. मला त्या चित्राची अशी भीती वाटायची की संध्याकाळी त्या खोलीवरून जाताना मी भिंतीकडं तोंड करून चालायची. त्याला हे कळल्यावर तो हसला नाही. "भीतीचाच देव आहे हा, नानी," तो म्हणाला. नानी म्हणजे बाळ. "याला भ्यायचं, मग दुसऱ्या कुणाला भ्यायला नको." मला ते पटलं नाही. मी त्या देवालाही भ्यायची आणि नाल्यापलीकडच्या मशीनलाही.

चित्रावर पोट भरणार नव्हतं. इथं त्याची चित्रं कोण घेणार? पाट्या रंगवायचं काम त्यानं शोधलं, पण तेव्हा नुकतेच फ्लेक्स आले होते आणि जुने पेंटरच हात बांधून बसले होते. एका देवळाच्या कमिटीनं बोलावलं. त्यांना ऑइलपेंटमध्ये भडक सिंह हवे होते. त्यानं काढून दिले आणि घरी येऊन दोन दिवस ब्रश हातात धरला नाही. मग तो आण्णांच्या मागं लागला.

"दाजू, मला कंपनीत लावा ना."

"न्हाई."

"हेल्पर चालेल."

"न्हाई म्हणलं ना."

"का, दाजू?"

आण्णांनी त्याचा उजवा हात ओढून घेतला आणि शेजारी स्वतःचा ठेवला. आमच्या उंबऱ्यावर ते दोन हात मी पाहिले आहेत: एक लांबसडक बोटांचा, नखांत निळा रंग अडकलेला, दुसरा तीन बोटांचा, कातडी जोडल्या जागी चकाकणारा. "बघ," आण्णा म्हणाले. "माझं काय, मी पत्राच उचलायलो जन्मभर. तुझं काय राहील रं?"

पूर्णमाननं हात सोडवून घेतला. आठवड्याभरात तो शेडमध्ये होता. लेबर पुरवणाऱ्या कंत्राटदारामार्फत गेला, आण्णांना न विचारता. आण्णा सेटर होते, प्रेसमध्ये डाय म्हणजे लोखंडी साचा बसवायचे. सकाळी ते त्यासाठी शेवटच्या प्रेसवर गेले, तर हा तिथं स्टुलावर बसलेला. त्या संध्याकाळी आण्णा जेवले नाहीत. आणि दुसऱ्या दिवसापासून आईनं दोन तांबे भरून ठेवायला सुरुवात केली. एक आण्णांचा, एक पूर्णमानचा.

त्या यंत्राबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. प्रेसला दोन बटणं असतात, दोन बाजूंना. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच वरचा लोखंडी ठोकळा खाली येतो. म्हणजे ठोकळा येताना हात आपसूक बाहेर असतात. पण असं केलं तर माल कमी निघतो. म्हणून शेडचा मालक, शेठ, एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ते कायमचं दाबून ठेवायला लावायचा. मग एका हातानं पत्रा आत सरकवायचा, दुसऱ्यानं उरलेलं बटण दाबायचं. पत्रा सरकवणारा हात वेळेत मागं आला पाहिजे, एवढंच. दिवसभरात हजारदा मागं येतो. एखाद्या वेळी येत नाही. आण्णांचा तसाच आला नव्हता.

दसऱ्याला शेडमध्ये मशीनपूजा असायची आणि घरची माणसं बोलावलेली असायची. त्या वर्षी मी नवा फ्रॉक घालून गेले. सगळ्या प्रेसना झेंडूच्या माळा, फरशी धुतलेली, पेढ्यांचे पुडे. शेठ सफारी घालून हसतमुख. कुणीतरी म्हणालं, "ए बहादूर, तू चित्रकार ना? मशीनवर काहीतरी भारी काढ." पूर्णमाननं आनंदानं कुंकू कालवलं आणि प्रत्येक मशीनवर कमळ काढत गेला. त्याच्या मशीनशी आला तेव्हा त्याला काय वाटलं कोण जाणे, बाहेरच्या अंगाला न काढता तो वाकला आणि हात आत घालून, जिथं ठोकळा येऊन आदळतो त्या डायवरच, बारीक पाकळ्या काढायला लागला. श्वास रोखून, सावकाश.

"हात काढ!"

आण्णा इतक्या जोरात ओरडले की माझ्या हातातला पेढा पडला. पूर्णमाननं हात बाहेर घेतला. सगळीकडं हशा पिकला. "अहो, मेन स्विच बंद आहे," शेठ म्हणाला, "तुमचं आपलं काहीतरीच." सगळे हसत होते. आण्णाही हसल्यासारखं करत होते, पण मी त्यांच्या शेजारी होते आणि त्यांनी माझं मनगट धरलं होतं. ते त्या तीन बोटांनी घरी पोचेपर्यंत सोडलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पूर्णमानच्या प्रेसला खोड लागली. बटण न दाबताच ठोकळा मध्येच पुन्हा खाली यायचा. रोज नाही, अधूनमधून. आण्णांनी शेठला सांगितलं. शेठ म्हणाला, "एवढी डिस्पॅच होऊ द्या, मग मेकॅनिक बोलावू." ती डिस्पॅच झाली, दुसरी आली. आण्णा घरी येऊन आईला सांगायचे, आणि आमच्या घरातली भीती त्या दिवसांत अशी काही दाट झाली की माझं अभ्यासात लक्ष लागायचं नाही. आई नाल्याकडं कान लावून असायची. मी आईकडं बघत असायची. पूर्णमानला आण्णांनी परोपरीनं सांगितलं, दुसरं काम बघ. तो म्हणायचा, "थोडे दिवस, दाजू. बायको-मुलगीला आणतो, मग सोडतो." पण त्याचंही अन्न कमी झालं होतं. येसराची आमटी पुढं असायची आणि त्याचा हात ताटाशी नुसता थांबलेला असायचा.

भैरव पुरा होत आला होता. पूर्णमाननं एसटीडी बूथवरून गावी फोन करून त्यांच्या पुरोहिताला दिवस विचारला. अष्टमीचा दिवस निघाला. त्या दिवशी त्यानं कामावर खाडा केला. सकाळी अंघोळ करून, उपाशीपोटी, दार लोटून तो डोळे काढायला बसला. मला दारात बसायची परवानगी होती. शाळेला सुट्टी होती की मी बुडवली, आठवत नाही. त्यानं सोन्याचा रंग कालवला, पांढरा कालवला, ब्रशचं टोक ओठांनी ओलं केलं. बाहेर धप्प, धप्प चाललं होतं.

आणि आवाज थांबला.

चहाची वेळ नव्हती. लाइट होती, खोलीतला बल्ब जळत होता. पूर्णमानचा ब्रश हवेत थांबला. आई आमच्या दारात आली, पिठाच्या हातांनीच. जिजी ओट्यावरून उठल्या. आवाज परत सुरू होईना. आई नाल्याकडं पळत सुटली, तिच्यामागं पूर्णमान अनवाणी, त्याच्यामागं मी. नाल्यावरच्या साकवावर पोचतो तोच समोरून रिक्षा आली. आत आण्णा बसले होते. त्यांचा शर्ट पोटापासून खाली लाल होता. आईच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. आण्णा रिक्षातून ओरडले, "मी न्हाई! माझं न्हाई काही! ज्ञानोबा हाय!" आणि रिक्षा न थांबता गेली. त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून ज्ञानोबा पडला होता, त्याचा हात फडक्यात गुंडाळलेला.

ज्ञानोबा परभणीकडचा, आण्णांचा हेल्पर. रविवारी आमच्याकडं ठेचा-भाकरी खायला यायचा, जेवताना शीळ घालायचा, आई रागवायची. पूर्णमान आला नाही म्हणून शेठनं त्या दिवशी त्याला शेवटच्या प्रेसवर बसवलं होतं. ठोकळा आपोआप दुसऱ्यांदा आला. डाव्या हाताची चार बोटं गेली.

आम्ही खोलीवर परत आलो तेव्हा सोन्याचा रंग वाटीत वाळून गेला होता. पूर्णमान चित्रासमोर बसला आणि स्वतःचे हात उलटेपालटे करून बघत राहिला. "हे माझे होते," तो म्हणाला. मला आधी कळलं नाही. मग कळलं की तो ज्ञानोबाच्या बोटांबद्दल बोलतोय. त्यानंतर त्याच्यानं रेघ ओढवेना. तो जुन्या फडक्यावर रेघ काढून बघायचा. ती मध्येच शहारल्यासारखी वाकडी व्हायची. त्याची दहाही बोटं धड होती आणि त्यांतलं एकही त्याचं ऐकत नव्हतं. जगातल्या सगळ्या गोष्टींपेक्षा मला त्या वाकड्या रेघेची भीती वाटली. तेरा-चौदा वर्षांचं माझं वय. मशीन काय करू शकतं हे मला माहीत होतं; न शिवताही ते एवढं करू शकतं हे माहीत नव्हतं.

दोनेक दिवसांनी सरकारी साहेब चौकशीला येणार असं कळलं. त्याच्या आत शेठनं सगळ्या बटणांतल्या पाचरी काढून टाकायला लावल्या. भोकं पुसून, वंगण लावून यंत्रं चकाचक केली आणि सगळ्यांना जमवून सांगितलं: पाचर ज्ञानोबानं स्वतःच ठोकली होती, घाईघाईत, ओव्हरटाइमच्या लोभानं. आपल्याला काही माहीत नाही. साहेब आले, शेठच्या केबिनमध्ये बसले, एकेकाला आत बोलावलं. एकेक जण आत गेला आणि आम्हाला काही माहीत नाही म्हणून बाहेर आला. आण्णांचा नंबर दुसऱ्या दिवशीचा होता.

पूर्णमान बोलावलं नसताना गेला. आत जाऊन त्यानं सांगितलं की पाचर रोज असते, सगळ्या मशीनला असते, शेठच ठोकायला लावतो, आणि शेवटच्या प्रेसची खोड शेठला आधीच सांगितली होती. साहेबांनी विचारलं, अपघात झाला तेव्हा तू होतास का? नव्हता. मग तुझं काय लिहून घेऊ, ते म्हणाले. बाहेर पडताना शेठनं त्याला दारात गाठलं. "परदेशातला आहेस तू. एक फोन केला ना पोलिसांत, तर कुठल्या कोठडीत पडशील, बायकोला पत्ता लागायचा नाही." नेपाळच्या माणसाला इथं राहायला कुणाची परवानगी लागत नाही हे मला आता माहीत आहे. त्याला तेव्हा नक्की माहीत नव्हतं, आम्हालाही नव्हतं. तो आमच्या दारात येऊन उभा राहिला. ओठ पांढरे पडले होते. "दाजू, माझं ऐकत नाहीत. मी नव्हतो म्हणतात. तुम्ही होता."

आण्णा खाली मान घालून बसले होते. आईनंच उत्तर दिलं. "न्हाई जाणार ते. दोन पोरं हायत आमाला. यांचा हात असला, दुसरीकडं कोण उभं करील यांना? तुमी जा तुमच्या खोलीत, पूर्णमानभाऊ. हात जोडते."

तो गेला नाही, तिथंच चौकटीला टेकून राहिला. मग आण्णा बोलले, पण ते माझ्याशी किंवा आईशी बोलत नव्हते. "माझ्या टायमाला बी असंच सायब आलतं," ते म्हणाले. "शेठ म्हणला, चूक तुझी होती म्हण, तुला सेटर करतो, जन्मभर कामावर ठिवतो. म्हणलो मी. चूक माझीच होती म्हणलो. पाचर त्यानंच ठोकली होती, माझ्या म्होरं." आई भिंतीकडं तोंड करून उभी होती. तिला हे सगळं पहिल्यापासून माहीत होतं. माहीत नव्हतं ते मला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आण्णांनी धुतलेला शर्ट घातला. आई दारात आडवी उभी राहिली. "मी जाऊ द्यायची न्हाई." आण्णांनी तिला खांद्याला धरून हळूच बाजूला केलं, आणि पूर्णमान त्यांच्यामागून चालायला लागला. आई थोडा वेळ तशीच उभी होती. मग तिनं केस बांधले, मला म्हणाली, "दार लावून घे, भावाला बघ," आणि त्यांच्यामागं गेली. ती साकवापर्यंतच गेली. मी दाराच्या फटीतून बघत होते. साकवाच्या अलीकडं ती पदर दातांत धरून उभी, आणि शेड सुरू असल्याचा धप्प, धप्प आवाज.

तिघं परत आले ते एकमेकांपासून अंतर ठेवून, भांडण झाल्यासारखे. आण्णा उंबऱ्यावर बसले. "सांगितलं," एवढंच म्हणाले. चपला काढायला वाकले आणि तसेच वाकून राहिले. शेवटी पूर्णमाननं खाली बसून काढल्या.

पुढचे महिने वाईट गेले. दोघांचंही काम गेलं. गल्लीत मोटारसायकल थांबली की आई आम्हाला आत ओढायची. शेठची माणसं जिजींकडं येऊन सांगून गेली की ही माणसं काढा. जिजी ओट्यावरून हलल्या नाहीत. "खोल्या माझ्या हायत," त्या म्हणाल्या. "कुणाला ठिवायचं, कुणाला न्हाई, त्ये मी बगीन. तू व्हय रं माझा कारभारी?" पूर्णमान तर सकाळीच बाहेर पडून दिवसभर स्टेशनच्या बाकावर बसून राहायचा, पोलीस खोलीवर आले तर आपण सापडू नये म्हणून. एकदा आईनं मला त्याचा डबा घेऊन पाठवलं. मला येताना बघून आधी तो दचकून उठला. पोलीस कधी आलेच नाहीत. न आलेल्या त्या पोलिसांची वाट बघण्यात त्याचा अख्खा हिवाळा गेला.

ज्ञानोबाला भरपाई मिळाली, उशिरा पण मिळाली. आता तो चाकणच्या बाजूला कामगारांची मेस चालवतो आणि उजव्या हातानं असा काही ठेचा वाटतो की विचारू नका. हात आत जाऊ नये म्हणून शेडमधल्या प्रेसना जाळ्या बसल्या. दोनेक वर्षांत ती शेडच उठली आणि दुसऱ्या नावानं दुसरीकडं सुरू झाली असं ऐकलं. तिथं जाळ्या आहेत की नाहीत, मला माहीत नाही. महामार्गावरून चाकणकडं जाताना दोन्ही बाजूंना तसल्या शेडा दिसतात, आणि मी गाडीची काच वर करून घेते. आण्णांना पुष्कळ भटकल्यावर एका टूलरूममध्ये हत्यारं सांभाळायचं काम मिळालं. तिथूनच ते निवृत्त झाले.

पूर्णमानची रेघ सावकाश परत आली. आधी जाड रेघा, मग बारीक. पुढच्या वर्षी एका अष्टमीला त्यानं भैरवाचे डोळे काढले. मी बघायला गेले नाही. धीर झाला नाही. संध्याकाळी गेले तेव्हा चित्र भिंतीला उभं होतं आणि पूर्णाकाका त्याच्यासमोर जमिनीवरच झोपला होता. कोरेगाव पार्कातल्या कुणा बाईनं ते घेतलं, मग आणखी एक मागितलं. त्याच्या बायको-मुलीला मात्र इथं यायचं नव्हतं. गावाकडं शांत झाल्यावर तोच परत गेला. जाताना आण्णांच्या पाया पडला, आईच्या पडला, आणि जिजींच्या पडायला गेला तर जिजी त्याच्या पाठीत धपाटा घालून रडायला लागल्या.

हे प्रकरण लिहायला घेतलं तेव्हा आण्णा आमच्याकडंच होते. आता ऐकू कमी येतं, पण डोकं तल्लख आहे. आमच्या नवव्या मजल्याच्या गॅलरीत ऊन खात बसले होते. मी कानाशी वाकून विचारलं, "आण्णा, त्या दिवशी केबिनमध्ये गेलात तेव्हा भीती वाटली का हो?"

"भीती?" ते म्हणाले. "अगं, सायबांनी आधी नाव इचारलं, तर मला माझं नावच आठवंना. तोंड उघडलं, नुसती हवा. सायब बघायलेत, शेठ बघायलाय. म्हणलं आता हे म्हणतील, याला याचंच नाव ठाऊक न्हाई, याचं काय ऐकायचं." खाली कुठंतरी पोरं खेळत होती, ते तिकडं वाकून बघायला लागले.

"मग?"

"मग काय. मागं पूर्णमान उभा होता. त्यानं सांगितलं. माझं नाव, बापाचं नाव, आडनाव. घाबरत घाबरत, पण खणखणीत. सायबांनी लिहून घेतलं, आन् मग मला बोलता आलं."